हरबादादाची चालू गाडी

हरबादादाला चार खोल्यांचं घर होतं आणि तो राहायचा त्या घराच्या दारात उभ्या केलेल्या मॅटाडोरमध्ये. घरात भांडण नव्हतं. छप्पर गळत नव्हतं. भानुवहिनी घरात, तो गाडीत आणि मधे जेमतेम दोन हात अंगण. जेवणाचं ताट उंबऱ्याच्या आतून निघायचं आणि गाडीच्या मागच्या दारातून आत जायचं. वाढणारीला उंबरा ओलांडावा लागत नसे, जेवणाऱ्याला गाडीतून उतरावं लागत नसे. रिकामं ताट त्याच वाटेनं परत जायचं. कोणी नवखा माणूस हे बघत उभा राहिला तर हरबादादा त्यालाच विचारायचा, "काय झालं? कोणाला जेवताना बघितलं नाय कधी?"

ही गोष्ट एका थंडीतली आहे. किनाऱ्यावरच्या माणसानं थंडीचं नाव काढलं की घाटावरचे लोक हसतात. हसू देत. कारखान्यातून मोडीत निघालेला एक थर्मामीटर मी माझ्या पडवीच्या खांबाला टांगला होता आणि त्या पौषात पहाटे त्याचा पारा तेरा अंशांवर उतरलेला मी स्वतः वाचला आहे. तेरा अंश, वर खाडीवरून येणारा वारा, आणि राहायला चहूकडून पत्रा. हे आकडे ज्याला साधे वाटतात त्यानं एक रात्र पत्र्याला पाठ लावून झोपून बघावं.

मी तेव्हा बोईसरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. माल आला की नोंद करायची, गेला की नोंद करायची, आणि जे आलंही नाही, गेलंही नाही त्याच्यावर लाल खूण करून पाठपुरावा करायचा, हे माझं काम. घर मुरबे गावात, हरबादादाच्या अगदी समोर. मधे फक्त रस्ता. त्यामुळे त्याच्या संसाराची आवक-जावक मला आपोआप दिसायची.

आधी गाडीबद्दल सांगितलं पाहिजे. गावातले सुके बोंबील बोईसरच्या बाजारात न्यायचे आणि वाणगावच्या वाड्यांतली मिरची स्टेशनावर पोचवायची, हा तिचा धंदा. दोन्ही वास तिच्यात इतके मुरले होते की डोळे मिटून आत बसलं तरी आपण जेवणाच्या पानावर बसलो आहोत असं वाटायचं. मॅटाडोरचं इंजिन पुढे, ड्रायव्हर आणि शेजारची सीट यांच्या मधोमध, लोखंडी झाकणाखाली असतं. गाडी चालली की ते झाकण तापतं. हरबादादा त्यावर दुपारची भाकरी गरम करायचा आणि उन्हाळ्यात त्याच झाकणाला शिव्या द्यायचा.

या गाडीचा स्टार्टर कधीचाच गेला होता. नवा बसवायला तो तयार नव्हता, कारण त्याचं म्हणणं, ज्याला गाडी बंद करायची असते त्याला स्टार्टर लागतो. "चालू गाडी बंद करायची नाय," हे त्याचं ब्रह्मवाक्य. वाणगावला मिरची चढत असताना गाडी चालू. बोईसरच्या बाजारात माल उतरत असताना गाडी चालू. नाक्यावर तो निवांत चहा प्यायचा, दोन माणसांशी भांडायचा, तिसऱ्याची समजूत काढायचा आणि गाडी बाजूला धडधडत उभी असायची. नुसतं उभं राहून महिन्याला किती डिझेल जळतं हे मी त्याला एकदा कागदावर मांडून दाखवलं. त्यानं आकडा लक्ष देऊन वाचला, मान डोलावली, आणि म्हणाला, "हिशेब बरोबर हाय तुझा. पण बंद केली आणि सुरू नाय झाली, तर त्याचा आकडा कुठं मांडलास?"

रात्री मात्र ती बंद करावीच लागायची. म्हणून अंगणात गाडी लावण्याची त्याची एक ठरलेली रीत होती. अंगण घराकडून रस्त्याकडे उतरतं. गाडीचं तोंड रस्त्याकडे, पाठ घराच्या दाराशी. सकाळी गियरमध्ये टाकून, क्लच दाबून उतारावर सोडायची, वेग आला की क्लच सोडायचा. उन्हाळ्यात ती एवढ्यावर धरायची. थंडीत इंजिन गारठलेलं असायचं, तेव्हा मागून धक्का लागायचा. आणि बरोबर त्याच वेळी मी पहिल्या एसटीसाठी डबा घेऊन बाहेर पडायचो. "भाऊ, जरा हात लाव." बारा वर्षांत एकाही थंडीत हा हात चुकला नाही. कारखान्यात हजेरी देताना माझ्या तळहातांना नेहमी गंज आणि बोंबलाचा वास असायचा.

आता बोकड.

दिवाळीच्या आधी भानुवहिनींचं मुंबईला मोठं ऑपरेशन झालं. हरबादादा पावसाच्या शेवटापासून दवाखान्याच्या फाटकाबाहेर गाडी लावून तिच्यातच राहिला होता. आत एका वेळी एकाच माणसाला सोडायचे, तिथं सून किंवा लेक आळीपाळीनं बसायची. हा बाहेर स्टिअरिंगवर डोकं टेकून. तिथंच तो आमच्या देवीला नवस बोलला. बाकीची माणसं बोलतात तसा मोघम नाही. देवीशीसुद्धा त्यानं भाडं ठरवताना बोलतो तसं नीट ठरवून घेतलं होतं: हिला बरी कर, हिला घेऊन मी घरी आलो आणि घराच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला, की येणाऱ्या जत्रेला तुझा बोकड तुला.

आणि मग नवस मागे राहायला नको म्हणून, मधल्या एका खेपेला, त्यानं वाटेतल्या पाड्यावरून बोकडाचं पिल्लू आधीच घेऊन ठेवलं. इथंच तो चुकला. नवसाचं जनावर जत्रेच्या आदल्या दिवशी आणायचं असतं हे आमच्याकडे कोणालाही माहीत आहे. आदल्या दिवशी आणला की तो नवसाचा बोकड असतो. महिनाभर शेजारी बसवून मुंबईला ने-आण केली की तो काय असतो, हे सांगायला देवी लागत नाही.

नवसाच्या जनावराला नाव ठेवत नाहीत. हरबादादानं तोही नियम पाळला. त्याला तो 'क्लीनर' म्हणायचा. "नाव कुठं ठेवलंय? नोकरी दिलीय." क्लीनर काळा होता, कपाळावर पांढरा ठिपका, आणि त्याची जागा इंजिनाच्या उबदार झाकणावर. तिथं तो पाय दुमडून बसायचा आणि समोरच्या काचेतून रस्ता बघायचा. वळण आलं की वळणाच्या बाजूला झुकायचा. आमच्या एसटीतल्या कित्येक प्रवाशांना हे जमत नाही. सकाळी बशीतून चहा प्यायचा. चहा गार असला तर तोंड लावायचा नाही.

वहिनी बऱ्या झाल्या. दिवाळीच्या सुमारास गाडी अंगणात आली, लेकीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, वहिनी उंबरा ओलांडून आत गेल्या. हरबादादा उंबऱ्यापर्यंत आला, थांबला, मागे वळून गाडीकडे बघितलं. काचेतून क्लीनर बघत होता. हरबादादानं पायातली चप्पल पुन्हा सरकवली आणि गाडीत जाऊन बसला. तो बसला तो बसलाच.

"मी घरात पाय टाकला का?" तो विचारायचा. "नाय ना? मंग नवस फेडायचा कसा? आधी बोली पुरी होऊ दे."

बोलीतला शब्द त्यानं इतक्या कडकपणे पाळला की कोर्टानं शिकून घ्यावं. स्वयंपाकघरातला दिवा गेला तेव्हा तो मागच्या अंगणात खुर्चीवर उभा राहून, खिडकीच्या गजांतून हात घालून, काठीला बांधलेल्या फडक्यानं जुना दिवा फिरवत बसला होता. दिवा फुटला. मग मी आत जाऊन नवा लावला आणि तो बाहेरून मला सूचना देत राहिला. जावई आला तर त्याची बैठक गाडीत. दोन्ही बाजूंच्या बाकांवर गोधड्या, खिडक्यांना वारा अडवायला गोणपाट, घरातून वायर ओढून घेतलेला एक दिवा, आरसा, आणि देवीचं चित्र असलेलं कॅलेंडर. त्या कॅलेंडरची पानं क्लीनर खायचा. मार्गशीर्ष त्यानं कडेनं कुरतडला, पौष सोडून दिला आणि माघ पूर्ण खाल्ला. आमच्या देवीची जत्रा माघात असते. हरबादादा जो भेटेल त्याला ते फाटकं कॅलेंडर दाखवायचा. "बघ. त्याला कळतं."

गावाचं म्हणणं वेगळं होतं. बाजारात बायका उघड बोलायच्या की बोकडापायी म्हातारा खुळावला. काही जण भीतीही घालायचे. देवीचं ठरलेलं ठेवून घेतलं तर देवी दुसरं काहीतरी घेते. हे वहिनींच्या कानावर जायचंच. त्या काही बोलायच्या नाहीत, पण एक दिवस माझ्या बायकोपाशी बसून त्यांनी मन मोकळं केलं. त्यांना बोकडाचं काही नव्हतं. पंचावन्न वर्षांचा माणूस पत्र्यात झोपतो आणि पहाटे त्याच्या छातीचा आवाज घरात ऐकू येतो, हे त्यांना सोसत नव्हतं. "मला बरी करून आणली आणि सोता बाहेर बसलाय," त्या म्हणाल्या. "भावोजींना सांगा, कायतरी करा. जत्रा झाली की गाव बोलायला मोकळा. हा मग लाजेनं पण आत यायचा नाय."

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. रात्री-अपरात्री त्या अंगणातून पत्र्यावर ठोकल्याचा आवाज यायचा आणि माझी झोप मोडायची. मी समजत होतो, बोकड लाथा मारतो. तो बोकड नव्हता. आत वहिनींना खोकला आला की बाहेर हरबादादा गाडीचा पत्रा दोनदा ठोकायचा. वहिनींनी उशाशी तांब्या ठेवला होता; त्या तांब्या एकदा वाजवायच्या. म्हणजे ठीक आहे. तांब्या वाजला नाही तर तो पुन्हा ठोकायचा, जास्त जोरात. गाडीची पाठ दाराला इतकी चिकटून का लावतो असं मी त्याला विचारलं होतं, तेव्हा ताट द्यायला सोयीचं, एवढंच त्यानं सांगितलं होतं.

जी वस्तू आलीही नाही आणि गेलीही नाही ती मला बघवत नाही. जत्रेला दोन दिवस राहिले तेव्हा मी सायकल काढली आणि देवीच्या भगताकडे गेलो. भगत म्हातारा, व्यवहारी माणूस. मी त्याला सगळं क्रमानं सांगितलं: नवसाचे शब्द, बोकड, गाडी, थंडी. बोकड मारल्याशिवाय नवस फिटतो का, एवढाच माझा प्रश्न होता.

भगतानं विचार केला. "जीव देवीला द्यायचा बोलला ना? मारायचा कुठं बोलला?" मग म्हणाला, कानाला खूण करा, कुंकू लावा आणि देवळाच्या डोंगरावर सोडून द्या. देवीचा म्हणून सोडलेल्याला कोणी हात लावत नाही. चरेल, फिरेल, म्हातारा होईल. वाटलं तर रोज येऊन बघून जा. आणि मला रस्त्यापर्यंत पोचवताना हळूच म्हणाला, "खरं सांगू? माझे दात कुठं राहिलेत आता मटण चावायला."

मी परत आलो तो अगदी ताठ सायकल चालवत. सगळे मुद्दे सुटले होते. बोकड जगणार, देवी पावणार, माणूस घरात जाणार. इतका नीट निकाल आयुष्यात फार थोड्या वेळा हाती येतो.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी मी गाडीत जाऊन बसलो. मागचं दार उघडंच होतं. दोन हातांवर घराचं दार, आत चुलीशी वहिनी. क्लीनर झाकणावर बसला होता. हरबादादा फडक्यानं समोरची काच आतून पुसत होता. मी भगताचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. आता हा बोकडाच्या गळ्यात पडणार, मग उठून उंबऱ्याकडे जाणार, असा माझा अंदाज.

तो काच पुसत राहिला. पुसलेलीच जागा पुन्हा पुसली.

"नाय जमणार, भाऊ," तो म्हणाला.

मला वाटलं त्याला बोकडाचा विरह सोसणार नाही. मी म्हणालो, रोज बघायला जाता येईल, डोंगर काही लांब नाही. तुझ्या वाणगावच्या वाटेवरच आहे.

"बोकडाचं नाय रे." त्यानं फडकं स्टिअरिंगवर टाकलं आणि माझ्याकडे वळून बसला. "तू रोज सकाळी ही गाडी ढकलतो ना?"

"ढकलतो."

"कशापायी?"

"तू रात्री बंद करतोस म्हणून."

"तेच सांगतो मी. बंद केलेली गाडी परत सुरू होईल असं लिहून कोण देतंय?" त्याचा आवाज खाली आला. "डॉक्टरांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली होती. मी इथं, या सीटवर बसून देवीला बोललो, आणि चवथ्या दिवशी ही उठून बसली. देवीनं सुरू करून दिलेली गाडी हाय ती. आता मी हा मारून देऊ नायतर सोडून देऊ, माझ्याकडून काम संपलं असंच ना? देवीला हजार माणसं हायत. म्हणेल, चला, हरबाचं झालं. चावी फिरवेल आणि निघेल दुसऱ्याकडं. मंग परत बंद पडली, तर कोण ढकलणार?"

आतापर्यंत माझ्याजवळ त्याच्या प्रत्येक बोलण्याला एखादा आकडा तयार असायचा.

"मी घरात पाय नाय टाकला तवर काम चालू हाय," तो म्हणाला. "मला थंडी काय करते. मी ड्रायव्हर माणूस."

बोलणं तेवढ्यावर संपलं. मी उतरलो तेव्हा घराकडे माझी नजर गेली. चुलीवर भाकरी करपल्याचा वास येत होता. वहिनी उंबऱ्याच्या आत, दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. दोन हातांचं अंतर होतं. एकही शब्द त्यांच्या कानावरून सुटण्याचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा डबा घेऊन बाहेर पडलो. थर्मामीटर बघितला, चौदा. समोर गाडी होती, पण घराच्या दाराला कुलूप होतं. वहिनी परत आल्यापासून त्या दाराला कुलूप मी प्रथमच बघत होतो.

गाडीच्या मागच्या दारातून दिसलं, दुसऱ्या बाकावर घरातली मोठी गोधडी अंथरली होती. स्टोव्ह, पिठाचा डबा, चहाचं भांडं आणि दोन ताटं. वहिनी पुढच्या सीटवर बसल्या होत्या, नवं लुगडं, खांद्यावर शाल, मांडीवर तो तांब्या. मधे झाकणावर क्लीनर, कपाळाला कुंकू. हरबादादा स्टिअरिंगवर होता आणि त्याचा चेहरा वाणगावच्या उतारावर ब्रेक न लागल्यासारखा झाला होता.

"सांग हिला, भाऊ," तो मला म्हणाला. "थंडी बाधेल हिला. ऑपरेशन झालेलं बाईमाणूस."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्या माझ्याशी बोलल्या.

"जत्रेला जातो, भावोजी. देवीला तोंड दाखवून येतो. घराची चावी तुमच्या हिच्याकडं ठेवलीय."

मी विचारलं, मग नवसाचं?

"देवीला मीच सांगेन," त्या म्हणाल्या. "दिवाळीला मी एकटीच उतरून घरात गेले, ते माझं चुकलं. हा नाय आला तर मी तरी कुठं आले? आमी दोघं आजून वाटेतच हाय. पोचलो की बघू." मग शाल नीट करून बोकडाला म्हणाल्या, "सरक जरा."

क्लीनर सरकला. हरबादादानं गियर टाकला.

गाडी उतारावर सुटली. गारठ्यानं तिनं दोन आचके दिले आणि फाटकाच्या अलीकडे थांबायला आली. हरबादादा वळून वहिनींकडे बघत होता. त्या दिवशी हाक मारायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मी डबा कुंपणावर ठेवला, गाडीच्या मागे गेलो आणि पत्र्याला दोन्ही हात लावले. बाजूनं माझी बायको आली, हातात त्यांच्या घराची चावी तशीच धरून, आणि तिनंही खांदा लावला. इतक्या वर्षांत तिनं कधी त्या गाडीला हात लावला नव्हता. लुगड्याला वास लागतो म्हणून.

फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, इंजिन खोकलं. एकदा, दोनदा. आणि लागलं.

आतून पत्र्यावर दोनदा ठोकल्याचा आवाज आला. मग, धडधडीतसुद्धा स्पष्ट, एकदा तांब्या.

माझी एसटी गेली होती. हरबादादानं मला नाक्यापर्यंत सोडलं. तिथं आम्ही चौघं थांबलो. तीन कप आणि एक बशी. वहिनी चहा सावकाश पीत होत्या आणि मग त्यांनी अजून अर्धा कप मागवला. गाडी बाजूला चालूच होती. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. त्या डिझेलचा हिशेब मी केला नाही.